चेटकिणी : नाटकातल्या आणि खऱ्या

आमच्या पिढीला 'मॅकबेथ' नाटकातील तीन चेटकिणी शाळेत भेटल्या. वि. वा. शिरवाडकर यांनी १९५४ साली 'राजमुकुट' या नावाने त्याचे मराठी रूपांतर केले, त्यामुळे इंग्रजी न शिकलेल्यांनाही ही कथा ठाऊक आहे. पण या चेटकिणी रंगभूमीवर येण्याआधी खऱ्या बायका जळाल्या होत्या. त्यांत एक सुईण होती. आम्ही उभा जन्म रुग्णसेवेत घालविला, म्हणून तिची हकीकत सांगावीशी वाटते.

१५८९ साली स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याची वधू, डेन्मार्कची राजकन्या अ‍ॅन, समुद्रमार्गे निघाली. वादळामुळे तिचे गलबत नॉर्वेला लागले. राजा स्वतः तिला आणावयास गेला व १५९० च्या मे महिन्यात परतला. ही वादळे चेटकिणींनी उठविली असे ठरले आणि धरपकड सुरू झाली. त्यांत अ‍ॅग्नेस सॅम्प्सन सापडली. ती बाळंतपणे करी, आजाऱ्यांना बरे करी. राजाने स्वतः तिची जबानी घेतली. प्रथम तिने सारे नाकारले. मग तिचे केस कापून अंगावर सैतानाची खूण शोधली, डोक्याला दोर आवळला, तिला झोपू दिले नाही. सलग रात्रपाळ्यांनंतर माणूस कसे भरकटून बोलते हे आम्ही पाहिले आहे. तिने सर्व कबूल केले. १५९१ च्या जानेवारीत एडिंबरो येथे तिला गळा आवळून मारले व जाळले.

त्या वेळच्या एका छापील पत्रकात या बायका चाळण्यांत बसून समुद्रात गेल्या असे लिहिले होते. १६०३ साली जेम्स इंग्लंडचाही राजा झाला. शेक्सपिअरच्या मंडळीला त्याचा आश्रय मिळाला, आणि १६०६ च्या सुमारास 'मॅकबेथ' लिहिले गेले. त्यातली एक चेटकीणही चाळणीतून समुद्रात जाण्याची भाषा करते व खलाशावर वादळ सोडते.

मात्र नाटक नीट पाहावे. चेटकिणी मॅकबेथला तू राजा होशील एवढेच सांगतात; खून कर असे सांगत नाहीत. भविष्य बँकोनेही ऐकले, पण त्याने सुरा उचलला नाही. घरी आलेल्या पाहुण्या राजाला मारले ते मॅकबेथने. दोष कोणाचा, हे नाटकाने ओळखले. न्यायालयाने ओळखले नाही.

जेम्सने १५९७ साली चेटकावर पुस्तक लिहिले. चेटकिणी असतात याला त्याने आपल्याच शास्त्रातला दाखला दिला : शाऊल राजा आणि एन-दोरची बाई. ती कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. अशा लोकांना देशातून हाकलणारा शाऊल, लढाईच्या आदल्या रात्री वेष पालटून तिच्याच दाराशी गेला. शमुवेल नबीचे बोल ऐकून तो जमिनीवर कोसळला. दिवसरात्र त्याच्या पोटात अन्न नव्हते. त्या बाईने आग्रह केला, घरचे पुष्ट वासरू कापले, बेखमीर भाकरी भाजल्या आणि त्याला जेवू घातले.

राजाच्या भीतीने जगणाऱ्या बाईने आधी त्याची भूक पाहिली. जेम्सने हाच अध्याय वाचला होता. ही ओळ त्याच्या नजरेतून कशी निसटली, याचे आम्हाला नवल वाटते.

स्कॉटलंडमध्ये १५६३ ते १७३६ या काळात सुमारे ३,८०० जणांवर असे आरोप झाले. त्यांत बहुसंख्य बायका होत्या. ८ मार्च २०२२ रोजी तेथील सरकारप्रमुखांनी त्यांची जाहीर माफी मागितली. अ‍ॅग्नेसला जाऊन तेव्हा ४३१ वर्षे झाली होती.