उमेदवार चढाईपटू

उमेदवार चढाईपटू : प्रो कबड्डी लीगच्या खेळाडू-लिलावात ज्याच्या नावावर बोली लागली नाही, किंवा ज्याचे नाव लिलावाच्या फर्दीवरच चढले नाही, आणि तरीही जो एखाद्या संघाच्या सराव शिबिरात दाखल होऊन अंतिम यादीत जागा मिळवू पाहतो, असा नवोदित चढाईपटू. लीगचा प्रारंभ 26 जुलै 2014 रोजी झाला. 2017 पासून संघांची संख्या आठावरून बारा झाली, आणि त्याच सुमारास देशभर चाचण्या घेऊन हेरलेल्या तरुणांना लिलावाबाहेर संघात घेण्याची ‘नवयुवा खेळाडू’ ही तरतूद रूढ झाली.

संघाच्या नोंदणीत पंचवीसपर्यंत खेळाडू असू शकतात. सामन्यासाठी बारा निवडले जातात आणि प्रत्यक्ष मॅटवर सातच उतरतात. त्यातही चढाईचे काम दोघा-तिघांकडेच मुकर्रर असल्यामुळे उमेदवाराची खरी स्पर्धा प्रतिपक्षाशी नसून शेजारी सराव करणाऱ्या, भारी रकमेने करारबद्ध झालेल्या सहकाऱ्याशी असते. तीस सेकंदांच्या चढाईत निदान रेषा ओलांडून परत येणे एवढ्याने कोणाचे लक्ष वेधत नाही. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यानंतर येणाऱ्या ‘करो या मरो’ चढाईत तो काय करतो, बचावाची साखळी जुळण्यापूर्वी त्याला निसटण्याची वाट दिसते की नाही, हे प्रशिक्षक पाहतात. शिबिरात डावा किंवा उजवा कोपरा सांभाळणारे बचावपटू मुरलेले असतात, आणि नवख्याचे मनगट व घोटा त्यांना सर्वांत आधी ओळखू येतो.

दुर्गम भागातील, उदाहरणार्थ नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील, तरुणाच्या दृष्टीने या व्यवस्थेतील अडचण निराळीच आहे. याच तालुक्यात हरसूलच्या डोंगराळ आदिवासी पट्ट्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत हिने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. धावण्यात घड्याळ हाच पंच असतो आणि पाड्यावरच्या मुलीची वेळही शहरातल्या मुलीच्या वेळेइतकीच ग्राह्य धरली जाते. चढाईपटूला असा बिनतोड दाखला मिळत नाही. त्याला कोणीतरी पाहावे लागते. आणि तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा शालेय स्पर्धांच्या पायऱ्या चढत किंवा राज्य अजिंक्यपद स्पर्धेत नाशिक जिल्ह्याकडून खेळत तो निवडकर्त्याच्या नजरेस पडेपर्यंत त्याच्या उमेदीची वर्षे सरत असतात. लिलावाबाहेर राहणे हे म्हणून पुष्कळदा गुणांच्या अभावाचे नव्हे, तर अदृश्यतेचे लक्षण समजले पाहिजे.

अमेरिकी फुटबॉलमध्ये अशा उमेदवारासारखीच स्थिती ‘झेल घेणाऱ्या’ नवोदितांची असते : तेथे सात फेऱ्यांच्या निवडीतून वगळलेले तरुण नव्वद जणांच्या शिबिरात येतात आणि हंगामाच्या तोंडावर यादी त्रेपन्नावर आणली जाते. 2013 मध्ये असाच दाखल झालेला अ‍ॅडम थीलन पुढे मिनेसोटा संघाचा आधार ठरला. कबड्डीत एवढी कठोर कपात होत नाही, परंतु बाकावर बसून सबंध हंगाम काढणे ही शिक्षा काही सौम्य म्हणता येणार नाही.

कबड्डीत या नवयुवा वाटेने वर आलेल्यांत दिल्लीच्या संघातून पुढे आलेला नवीन कुमार आणि, महाराष्ट्रापुरते बोलायचे तर, अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील टाकळीभानचा अस्लम इनामदार ही नावे प्रमुख होत. अस्लम आठव्या हंगामात पुणेरी पलटणमध्ये नवयुवा म्हणून आला. 7 ऑक्टोबर 2023 रोजी हांगझोऊ येथे आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता, आणि त्याच संघात नाशिक जिल्ह्याचा आकाश शिंदेही होता. 1 मार्च 2024 रोजी हैदराबाद येथे पलटणने हरियाणा स्टीलर्सचा 28–25 असा पराभव करून पहिले विजेतेपद मिळविले, तेव्हा कर्णधार अस्लमच होता.