फाँडंटचा चिकट इतिहास

शुक्रवारची रात्र, साडेदहा वाजलेले. ओट्यावर पिठीसाखरेचा सडा पडलाय, माझ्या दोन्ही हातांना गुलाबी चिकटा लागलाय आणि दुसऱ्या दिवशी लेकीचा पाचवा वाढदिवस. तिला राजवाड्याचा केक हवा होता. आई सहा महिन्यांसाठी पुण्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती, त्यामुळे केक बिनअंड्याचा, कंडेन्स्ड मिल्क घालून केलेला. वरून मार्शमॅलो फाँडंट.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी: फाँडंट म्हणजे केकवर चादरीसारखं अंथरतात ते साखरेचं गुळगुळीत आवरण. घरी करायचं तर साडेचारशे ग्रॅम मार्शमॅलो, दोन-तीन चमचे पाणी आणि साधारण नऊशे ग्रॅम पिठीसाखर. मार्शमॅलो मायक्रोवेव्हमध्ये अर्धा-अर्धा मिनिट गरम करायचे. ते आधी भटुऱ्यासारखे टम्म फुगतात आणि मग वितळतात. त्यात साखर घालायची, हाताला वनस्पती तूप चोपडायचं आणि कणकेसारखं मळत राहायचं. रात्रभर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं की दुसऱ्या दिवशी मस्त लाटता येतं.

मळून झालं. पसारा आवरताना मार्शमॅलोच्या पिशवीची मागची बाजू दिसली. कॉर्न सिरप, साखर, स्टार्च, जिलेटिन.

जिलेटिन! म्हणजे जनावरांची हाडं-कातडी उकळून काढलेला पदार्थ, आणि अमेरिकेतल्या मार्शमॅलोत बहुतेक वेळा डुकराचा. आपल्याला हिरवा ठिपका बघायची सवय, इथे तो नसतो. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर तयार लायब्ररी उचलली आणि तिच्या आत काय काय ओढून आणलंय ते बघितलंच नाही. अंडं टाळलं म्हणून मी स्वतःची पाठ थोपटत होतो, आणि इथे हे!

सांगावं की गप्प बसावं, यावर मी चांगली वीस मिनिटं घालवली. आईला कळलं नसतं. पण जन्मात कधी मांसाहाराला हात न लावलेल्या बाईला न सांगता खाऊ घालणं... नाही जमलं. सकाळी चहाच्या वेळी सांगून टाकलं.

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "पोरीचा केक आहे, तिला खाऊ दे. मी आपली बर्फी खाईन." थोडा वेळ गेल्यावर म्हणाली, "पण काय रे, साखरेत हाडं घालायची वेळच का यावी?"

हा प्रश्न मी पुढचे तीन वीकेंड चघळला.

साखर हा मुळात आडमुठा पदार्थ आहे. कोरडी असेल तर भुगा, पाक केला तर काच. तिला कणकेसारखं मऊ करायचं तर मधे काहीतरी चिकट लागतं. म्हणजे फाँडंटचा इतिहास हा खरं तर साखरेचा नाहीच, तो या चिकट पदार्थाचा इतिहास आहे.

युरोपात १५५५ साली व्हेनिसमध्ये 'पिएमाँटचा अलेक्सिस' या नावाने एक पुस्तक निघालं. औषधं, अत्तरं, रंग आणि नाना नुस्खे. १५५८ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर झालं. त्यात साखरेच्या लगद्याची एक कृती आहे. ट्रॅगाकँथ नावाचा डिंक (इराण-तुर्कस्तानकडच्या काटेरी झुडपांचा) गुलाबपाण्यात मऊ होईपर्यंत भिजवायचा. चार औंस साखरेला घेवड्याच्या बीएवढा डिंक, अक्रोडाच्या कवचात मावेल इतका लिंबाचा रस आणि थोडं अंड्याचं पांढरं. या लगद्याच्या ताटल्या, पेले, वाट्या करायच्या, त्यात जेवण वाढायचं आणि जेवण संपलं की भांडीच फोडून खायची! साखर तेव्हा चैनीची चीज होती, त्यामुळे खाता येणारी भांडी म्हणजे निव्वळ श्रीमंतीचा दिखावा. पण बघा, यात हाडं नाहीत. अंडं सोडलं तर सगळं आईला चालणारं.

दुसरा धागा मार्शमॅलोचा. हे आधी एका झाडाचं नाव आहे, युरोपातल्या खारट दलदलीत उगवणारं. आपल्याकडे युनानी औषधांत त्याला खतमी म्हणतात. मुळात भेंडीसारखा बुळबुळीत चीक असतो (भेंडीच्याच कुळातलं ते), आणि घसा बसला की तो द्यायचे. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच मिठाईवाल्यांनी हा चीक, साखर आणि अंड्याचं पांढरं फेटून लुसलुशीत मिठाई केली. मुळं खणा, धुवा, उकळा, कोण करणार? लवकरच मुळं गायब झाली आणि बाभळीच्या जातीतल्या झाडाचा डिंक, गम अरेबिक, आला. पुढे तोही गेला आणि जिलेटिन आलं.

जिलेटिन पूर्वी काही सोपं नव्हतं. वासरांचे पाय तासन् तास उकळायचे, गाळायचे, चरबी काढायची. गंमत म्हणजे आपला लाडका प्रेशर कुकर याच उद्योगातून जन्मला. दनी पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाफेचं बंद भांडं दाखवलं, ते हाडं मऊ करण्यासाठी. आपण वरणभात शिजवतो ते त्याच्याच वंशजात. असो. १८९०च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स नॉक्सने जिलेटिनची पूड विकायला काढली आणि कटकट संपली. मग १९५०च्या दशकात अॅलेक्स डूमाकने मार्शमॅलोचं मिश्रण नळ्यांतून दोरीसारखं बाहेर काढून कापायची पद्धत आणली, आणि हा माल ढिगाने, स्वस्तात निघायला लागला. नाव झाडाचं, पण त्यात झाड औषधालाही नाही.

तिकडे केकवाल्यांची अडचण वेगळी होती. व्हिक्टोरिया राणीच्या १८४० सालच्या लग्नातला केक सुमारे तीनशे पौंडांचा होता आणि वर साखरेची ब्रिटानिया. असली इंग्लिश आयसिंग अंड्याच्या पांढऱ्यातली, वाळली की भिंतीच्या गिलाव्यासारखी. ऑस्ट्रेलियात विसाव्या शतकात लाटता येणारं 'प्लास्टिक आयसिंग' रुजलं: साखर, ग्लुकोज, ग्लिसरीन आणि जिलेटिन. दिसायला देखणं, पण करायला किचकट. अमेरिकेत 'एस ऑफ केक्स' (२००६) आणि 'केक बॉस' (२००९) टीव्हीवर आले आणि प्रत्येकाला घरी राजवाडे बांधायचे होते. तयार फाँडंट महाग, चवीला खडूसारखं. हौशी मंडळींच्या लक्षात आलं की मार्शमॅलोत जिलेटिन आणि सिरप आधीच विरघळून बसलंय. वितळवा, साखर घाला, झालं! एकदम झकास हॅक, मला अजूनही आवडतो. फक्त कोणाच्या ताटात जाणार ते विचारून करावा.

चौथ्या वीकेंडला केकच्या सामानाच्या दुकानातून ट्रॅगाकँथची पूड आणली आणि १५५८ची कृती अंडं वगळून करायला घेतली. माझा पहिला घाणा भेगाळला. आई बाजूला उभी राहून बघत होती. संक्रांतीला परातीत तीळ घेऊन, मंद आचेवर चमचा-चमचा पाक सोडत हलव्याला काटा आणणारी बाई ती. माझ्या बायकोचे पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने तिनेच केलेले. "सरक," म्हणाली. "साखरेला घाई चालत नाही." लगदा ओल्या फडक्याखाली झाकून ठेवला, तासाभराने पुन्हा मळला आणि तुपाचा हात लावलेल्या स्टीलच्या वाटीवर थापला.

तीन दिवसांनी वाटी सुटून आली. पांढरीशुभ्र, खणखणीत, जराशी वाकडी. आईने तिच्यात काजू-बेदाणे घातले. लेकीने ते दोन मिनिटांत संपवले आणि वाटीचा काठ कडकन चावला. मग आईनेही दुसऱ्या बाजूचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

"गुलाबपाणी जरा जास्त झालंय," ती म्हणाली, आणि अजून एक तुकडा मोडला.