पुण्याचें गाणें आणि ऐकणाराची जागा

विद्येचें गांव म्हटलें कीं महाराष्ट्रांत पहिल्यानें पुण्याचें नांव निघतें. १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली; तिच्यांतूनच पुढें डेक्कन कॉलेज उभें राहिलें. १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल निघालें आणि १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज. या संस्थांचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. परंतु ज्या गांवांत पिढ्यान् पिढ्या दूरदूरचे विद्यार्थी येऊन राहिले, तेथें त्यांनीं गाणें कोठें ऐकलें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक तो विचारण्यासारखा आहे. गवई कोण होता, त्याचें घराणें कोणतें, हें जसें संगीताच्या इतिहासांत पाहावें लागतें, तसेंच ऐकणारा कोठें बसला होता, त्याला तेथें कोणी बसूं दिलें आणि त्यानें काय मोजलें, हेंहि पाहावें लागतें. गवयावांचून मैफल नाहीं हें खरें. पण ऐकणारावांचूनहि ती नाहींच.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि तिच्याबरोबर पुण्यांतील गुणिजनांचा मोठा आश्रय गेला. गाण्याला आधार उरला तो संस्थानांत. ग्वाल्हेर, बडोदें, कोल्हापूर, मिरज, इचलकरंजी हीं त्या विद्येचीं ठिकाणें झालीं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनीं ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रांत आणली, ती याच काळांत. पुण्यास राहिलेल्या सामान्य माणसाच्या वाट्याला गाणें येई तें मुख्यतः देवळांतल्या कीर्तनांतून. हरिदासाच्या मागें टाळ-मृदंग असत, पूर्वरंगांत निरूपण आणि उत्तररंगांत आख्यान होई, आणि त्या ओघांत साकी, दिंडी, पद, अभंग असे नाना प्रकार कानांवरून जात. येथें तिकीट नव्हतें. माधुकरी मागून शिकणाऱ्या मुलाला देवळाच्या सभामंडपांत फुकट बसतां येई, आणि स्वरतालाचे पहिले संस्कार त्याच्यावर तेथेंच होत. तथापि ही जागा सर्वांना खुली होती, असें म्हणणें खरेपणाचें होणार नाहीं. अस्पृश्य मानलेल्या समाजाला देवळाचें दार बंदच होतें. १९२९ सालीं पर्वतीच्या देवालयांत प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह करावा लागला, ही गोष्ट पुण्याच्या गाण्याचा इतिहास सांगतांनाहि विसरून चालत नाहीं. ज्याला देव पाहावयास मिळत नव्हता, त्याला देवापुढचें कीर्तन तरी कोठून ऐकावयास मिळणार?

दुसरी जागा वाड्यांतल्या बैठकीची. तेथें चांगला गवई ऐकावयास मिळे. पण बैठकीला आमंत्रण लागे, आणि आमंत्रणाला ओळख लागे. शिवाय नव्या शिक्षणानें सुशिक्षित झालेल्या वर्गाच्या मनांत गाण्याविषयीं एक प्रकारची अढी होती. गाणें हें रंगेल लोकांचें व्यसन, अभ्यासू मुलानें त्याच्या वाटेस जाऊं नये, असा समज घरोघर होता. ही अढी काढून टाकावी आणि सभ्य समाजांत संगीताची आवड पुन्हां उत्पन्न करावी, या हेतूनें १८७४ सालीं पुण्यांत गायन समाज स्थापन झाला. दरबार नाहीं, तर लोकांनीं एकत्र जमून गाण्याला आसरा द्यावा, ही कल्पना त्या काळीं नवी होती. तिचा प्रसार इतका झाला कीं १८८३ सालीं मद्रासेस या समाजाची शाखा निघाली. समाजाच्या दृष्टीपुढें होता तो मुख्यतः वरच्या वर्गांतील गृहस्थ, ही त्याची मर्यादा होय. तरीहि आश्रयदाता राजा नसून श्रोताच असूं शकतो, हें त्यानें दाखवून दिलें.

हाच विचार नाटकगृहानें फार मोठ्या प्रमाणावर अमलांत आणला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहांत अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत शाकुंतलाचे पहिले अंक झाले. दोन वर्षांनीं सौभद्र आलें. या नाटकांनीं ऐकणाराच्या हातीं तिकीट दिलें. तिकिटाला कुळ-गोत्र विचारावें लागत नाहीं. ज्याच्या गांठीस पैसे, त्याला जागा. पैसेवाल्याला पुढची खुर्ची आणि गरिबाला मागची जागा, हा भेद राहिलाच. पण स्वर दोघांनाहि तेच ऐकूं येत. पुढें १९११ सालीं मानापमान आणि १९१६ सालीं स्वयंवर रंगभूमीवर आलें. मानापमानाच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, स्वयंवराच्या भास्करबुवा बखले यांच्या. बैठकींत ज्या रागांची ओळख थोड्यांनाच होई, ते राग नाट्यपदांच्या रूपानें घरोघर जाऊन बसले. नाटकानें गाणें हलकें केलें असा आक्षेप कांहीं जाणत्यांनीं घेतला. त्यांत तथ्य असेलहि. परंतु बैठकीला लागणारा कान तयार करण्याचें काम नाटकानेंच केलें, हें त्यांनाहि नाकारतां येणार नाहीं.

कान तयार झाला म्हणजे शिकण्याची इच्छा होते. भास्करबुवांनीं १९११ सालीं भारत गायन समाज स्थापन केला. बुवा स्वतः फैजमहंमदखां, नत्थनखां आणि अल्लादियाखां अशा तीन थोर उस्तादांपाशीं शिकलेले. तें ज्ञान त्यांनीं पेठेंतल्या मुलांपुढें ठेवलें. १९१३ सालीं किराण्याचे अब्दुल करीमखां यांनीं पुण्यांत आर्य संगीत विद्यालय काढलें. १९३२ सालीं विनायकबुवा पटवर्धनांनीं गांधर्व महाविद्यालय सुरू केलें. पूर्वीं विद्या हवी तर गुरूच्या घरीं वर्षानुवर्षें राहावें लागे. आतां कॉलेज करतां करतां संध्याकाळीं तासभर जाऊन शिकतां येऊं लागलें. अशा शाळांतून सगळेच गवई होत नाहींत, आणि व्हावेत अशी अपेक्षाहि नसते. दहा मुलें शिकलीं तर एखादा गातो आणि नऊ जण जाणते श्रोते होतात. त्या नवांचें महत्त्व एकापेक्षां कमी नाहीं. समेवर मान हालविणारें माणूस समोर असलें म्हणजे गाणाराला जो हुरूप येतो, तो कोणत्याहि बिदागीनें येत नाहीं.

१८९३ सालीं सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला आणि गाणें रस्त्यावर आलें. मेळ्यांचीं पदें, मांडवांतलीं गायनें हीं कोणीहि उभें राहून ऐकावीं. खर्च वर्गणीचा, ऐकणें फुकट. ज्या विद्यार्थ्याला तिकीट परवडत नसे त्याची वर्षाची तहान या दहा दिवसांत भागे.

राहिली गाणाऱ्या स्त्रीची गोष्ट. स्त्रीनें चारचौघांत बसून गाणें म्हणजे कुलीनपणा सोडणें, असें समजत. रंगभूमीवर स्त्रीचीं पदें पुरुषांनीं म्हणावीं आणि प्रेक्षकांनीं त्यांस डोक्यावर घ्यावें. पण प्रत्यक्ष स्त्रीच्या गाण्यास जाण्याचा मात्र संकोच. हा संकोच मोडणाऱ्यांत अब्दुल करीमखांसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचें स्थान पहिलें आहे. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या गायिका म्हणून त्यांचें नांव घेतलें जातें. साधें लुगडें, निश्चल बैठक, नखरा कसलाच नाहीं. अशा गाण्याला घरंदाज स्त्रियांनीं जाऊन बसण्यास हरकत कोण घेणार? एका गायिकेनें व्यासपीठावर जागा मिळविली आणि तिच्यामुळें समोरच्या शेंकडों स्त्रियांनाहि जागा मिळाली.

१९५३ सालीं पुण्यांत दोन गोष्टी घडल्या. २ ऑक्टोबरला आकाशवाणीचें पुणें केंद्र सुरू झालें. आणि आदल्या वर्षीं दिवंगत झालेले सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ त्यांच्या शिष्यांनीं, भीमसेन जोशी यांच्या पुढाकारानें, संगीतोत्सव सुरू केला. एकीनें गाणें घरांत आणून दिलें, तर दुसरीनें माणसाला घरांतून बाहेर बोलाविलें. रेडिओ आल्यावर मैफलीला कोण जाणार, अशी शंका कोणास आली असती तर ती या उत्सवानें खोटी ठरविली. तो वर्षानुवर्षें वाढत गेला. रमणबागेच्या शाळेच्या पटांगणांत अनेक वर्षें मोठा मांडव पडे. डिसेंबरच्या थंडींत, शाली पांघरून, श्रोते रात्रभर बसत. खुर्चीची ऐपत नसलेल्या विद्यार्थ्यासाठीं खालीं भारतीय बैठक असे. आणि पुष्कळ वेळां खरी दाद तेथूनच येई. उत्सवाची सांगता भीमसेनांच्या गाण्यानें होई. रेडिओवर स्वर ऐकूं येतो; पण ऐकणारा गवयाला दिसत नाहीं. समोरचा चेहरा पाहून एखादी जागा पुन्हां घ्यावी, एखादा राग लांबवावा, हें घडतें तें मैफलींतच.

रात्रभराची ती जागा पुढें गेली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर लाउडस्पीकर बंद झाले. ठराविक दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सवलत, एवढेंच. शेजारच्या आजाऱ्याला झोप हवी, परीक्षेच्या मुलाला शांतता हवी, हें म्हणणें न्याय्यच आहे. पण त्याबरोबर उत्तररात्रीचा मालकंस आणि पहांटेचा ललत त्यांच्या वेळेला उघड्या मांडवांत ऐकण्याचें सुख संपलें. मांडवाला वेळेची मर्यादा पडली. छोट्या बंदिस्त दिवाणखान्यांतल्या, यंत्रावांचूनच्या बैठकीला ती नाहीं. म्हणून रात्रीच्या रागांना आतां त्याच बैठकीचा आधार आहे.

देऊळ, वाडा, नाटकगृह, गायनशाळा, मांडव, पटांगण अशी ही दीडशें वर्षांची वाट आहे. प्रत्येक ठिकाणीं कोणाला तरी आंत घेतलें गेलें आणि कोणी तरी दाराशीं राहिला. आणि पुढचें ठिकाण बहुधा त्या दाराशीं राहिलेल्यासाठींच निघालें. विद्येच्या गांवांत गाणें जिवंत आहे कीं नाहीं, हें पाहावयाचें असेल तर पहिल्या रांगेकडे पाहूं नये. खिशांत फारसे पैसे नसलेला, परगांवाहून आलेला, रागाचें नांवहि ठाऊक नसलेला एखादा विद्यार्थी मागें सतरंजीवर बसलेला आहे कीं नाहीं, तेवढें पाहावें. तो बसलेला असेल, तर पुढच्या पन्नास वर्षांची काळजी करण्याचें कारण नाहीं.