वर्ग नावाची नवी रूढी

पारंपरिक वर्गशिक्षण श्रेष्ठ की संगणकाच्या साह्याने होणारे शिक्षण श्रेष्ठ, हा वाद हल्ली शिक्षकांच्या मेळाव्यांत आणि पालकांच्या बैठकांत रंगतो, तेव्हा दोन्ही पक्ष एक गोष्ट निमूटपणे गृहीत धरून चालतात. ती अशी की, समवयस्क चाळीस मुलांना एका फळ्यासमोर बसवावे, घंटेच्या ठोक्यावर विषय बदलावा आणि वर्ष सरताच सर्वांना एकदम वरच्या इयत्तेत चढवावे, ही आपल्याकडची पुरातन वहिवाट होय. धाराशिव जिल्ह्यापुरते पाहिले तर या समजुतीस इतिहासाचा आधार सापडत नाही. येथील परंपरा पंतोजीच्या शाळेची. वर्ग हा त्या मानाने अलीकडचा पाहुणा, आणि तोही सरकारी हुकुमाने आलेला.

पंतोजीची शाळा मारुतीच्या देवळात, चावडीच्या पडवीत किंवा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर भरे. तिला शैक्षणिक वर्षाचा आरंभ नव्हता आणि अखेरही नव्हती. चांगला दिवस पाहून मूल दाखल व्हावे, धुळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवावीत, हात बसला की बोरू घेऊन मोडीचा कित्ता वळवावा, आणि सुगीचे दिवस आले की घरच्या कामासाठी खुशाल निघून जाऊन परतल्यावर जेथे सोडले तेथून पुन्हा धरावे, असा तिचा सैल परंतु समंजस क्रम होता. एकाच ओसरीवर एक मुलगा 'श्रीगणेशा' गिरवीत असे, दुसरा पत्राचे मायने घोकीत असे, तर तिसरा व्याजाचा हिशेब मांडीत असे. कोण कोठवर पोचला आहे हे ज्याचे त्याला आणि पंतोजीला ठाऊक असे. दिवस कलताना मात्र लहानथोर सारी मुले एका सुरात पाढे म्हणत, आणि त्यांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांनाही पूर्णांकांइतकाच मान असे, कारण पायली-शेराच्या बाजारात अपूर्णांकावाचून कोणाचेच पान हालत नव्हते. थोरल्या पोराने धाकट्याचा धडा घ्यावा ही रीतही सर्वत्र रूढ होती. मद्रासमध्ये अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने एतद्देशीय मुलांना वाळूवर अक्षरे काढताना पाहून हीच रीत आपल्या अनाथालयात योजली व १७९७ साली तिच्यावर पुस्तक छापले, तेव्हा इंग्लंडात तिचा मोठा गाजावाजा झाला. पुढे तीच रीत इंग्रजी शाळाव्यवस्था म्हणून आपल्यालाच शिकवण्यात आली, हा इतिहासातील विनोद म्हणावयाचा!

या शाळेचे गोडवे गाण्याचा मात्र माझा मानस नाही. छडी, अंगठे धरून ओणवे उभे करणे, अर्थ न समजता केलेली घोकंपट्टी हे तिचे नित्याचे अलंकार होते. मुलींना तिचे दार जवळजवळ बंद आणि अस्पृश्य मानलेल्या जातींना तर पूर्णच बंद होते. जी मुले ओसरीवर बसू शकत होती, त्यांना मात्र ती त्यांच्या त्यांच्या चालीने चालू देत होती, एवढेच माझे म्हणणे आहे.

वर्गाची चाहूल या मुलखास राज्यकारभाराच्या उलथापालथीतून लागली. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड व रायचूर दुआबाबरोबर धाराशिव-नळदुर्गचा मुलूखही कंपनी सरकारच्या हवाली केला, आणि 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी लिहून नावारूपास आलेला मेडोज टेलर नळदुर्गला कारभार पाहू लागला. जमिनीची मोजणी, सडका, दफ्तराची शिस्त यांचा त्याला ध्यास होता. १८६० साली हा मुलूख निजामाकडे परत गेला, तरी मोजण्याची, याद्या करण्याची आणि प्रत्येक वस्तूस एका रकान्यात बसविण्याची ती दृष्टी काही परत गेली नाही. सालारजंगांच्या दिवाणगिरीत हैदराबादची राज्ययंत्रणा जसजशी नव्याने घडत गेली तसतशी ती दृष्टी शिक्षणखात्यातही शिरली. तहतानिया (प्राथमिक), वस्तानिया (मधली), फौकानिया (वरची) अशा पायऱ्या ठरल्या. मुदर्रिस म्हणजे शिक्षक नेमले गेले, आणि त्यांच्यावर सदर मुदर्रिस, तपासणीस मोहतमीम व सर्वांच्या माथ्यावर हैदराबादेत नाजिम तालीमात असा उतरंडीचा कारभार उभा राहिला. हजेरीपट ठेवला की वय लिहावे लागते, वय लिहिले की इयत्ता लिहावी लागते, आणि इयत्ता लिहिली की मूल त्या इयत्तेचे होऊन जाते.

त्यातच भाषेचा पेच पडला. १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही दरबाराची भाषा झाली आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो हिंदुस्थानातील धाडसी प्रयोग होता, हे कबूल केलेच पाहिजे; विद्यापीठासाठी दारुत्तर्जुमा या भाषांतरसंस्थेने भाषांतरित केलेल्या शास्त्रग्रंथांची कामगिरी आजही आदराने आठवावी अशी आहे. तथापि उमरग्याच्या किंवा कळंबच्या कुणब्याच्या पोराला ती भाषा देशी असली तरी घरची नव्हती. खालच्या इयत्तांत मराठीत चाललेले त्याचे पाऊल माध्यमिक पायरीशी अडखळे, आणि अडखळलेल्यासाठी थांबणे वर्गाच्या घटनेतच नसल्यामुळे तो बहुधा तेथूनच शेताकडे वळे.

या व्यवस्थेस जिल्ह्यातूनच उत्तर मिळाले ते हिप्परगे येथे. आज लोहारा तालुक्यात मोडणाऱ्या या गावात असहकाराच्या वाऱ्यावर १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. खाजगी शाळेस सरकारची परवानगी हवी, सभेस हवी, प्रसंगी आखाड्यासही हवी, अशा त्या काळात मराठीतून माध्यमिक शिक्षण देणारी शाळा काढणे म्हणजे एक प्रकारची बंडखोरीच होती. सोलापूर-पुण्याकडे शिकलेले तरुण तुटपुंज्या वेतनावर तेथे येऊन राहिले. त्यांपैकी व्यंकटेश खेडगीकर मुख्याध्यापक झाले, १९३२ साली त्यांनी संन्यासदीक्षा घेतली, आणि स्वामी रामानंद तीर्थ या नावाने पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले. स्वामीजी पुढे त्या वेळी मोमिनाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आंबेजोगाईस गेले, तरी हिप्परगे या आडवळणाच्या गावाने मराठवाड्यास जे दिले ते पुष्कळ फौकानियांनी मिळूनही दिले नसेल. तेथेही वर्ग होते, इयत्ता होत्या. परंतु शिक्षक व विद्यार्थी एकाच आवारात राहत असल्यामुळे मागे पडलेल्या मुलाचा धडा रात्री कंदिलाच्या उजेडात पुन्हा सुरू होई, आणि वर्गाने तोडलेला धागा सहवासाने जोडला जाई.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले; त्यानंतरची हकीकत थोडक्यात आटोपण्यासारखी आहे. मराठी माध्यम सर्वत्र आले. १९५६ साली जिल्हा मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. १९६२ पासून शाळा जिल्हा परिषदेकडे गेल्या आणि १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीने साऱ्या राज्याच्या मुलांच्या हाती एकच पुस्तक दिले. वर्ग आता गावोगाव पोचला, आणि ज्यांना पंतोजीची ओसरी कधी लाभली नव्हती त्या जातींची मुले व मुलीही त्यात येऊन बसल्या. हे वर्गाचे श्रेय निर्विवाद आहे, आणि माझ्या मते त्याच्या साऱ्या दोषांहून मोठे आहे. १९७५ साली सरहद्दीपलीकडच्या गुलबर्गा जिल्ह्यात उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचे पाठ उतरू लागले. सरहद्दीच्या अलीकडे, उमरग्याच्या शाळांस मात्र पुष्कळ ठिकाणी एकाच खोलीत चार इयत्ता बसवाव्या लागत. १९८७ साली केंद्राने 'खडू-फळा मोहीम' काढली, ती प्रत्येक शाळेस निदान दोन खोल्या व दोन शिक्षक मिळावेत म्हणून!

शिकविणाऱ्या यंत्राची कल्पना या मोहिमेच्या फार आधीची आहे, आणि ती निघाली वर्गाच्या असमाधानातूनच. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी याने १९२० च्या दशकात प्रश्न विचारणारे यंत्र केले. १९५३ साली तेथलाच दुसरा मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसला असता, काही मुले उत्तर काढून रिकामी बसली आहेत, काही अडली आहेत आणि शिक्षिका कोणासाठीच थांबू शकत नाही, हे पाहून तो अस्वस्थ झाला व लवकरच त्याने आपले यंत्र रचले. १९६० साली इलिनॉय विद्यापीठात 'प्लेटो' ही संगणकीय अध्यापनाची पहिली मोठी योजना सुरू झाली. प्रत्येकाने आपल्या चालीने जावे आणि चूक तत्क्षणी कळावी हा या यंत्रांचा हेतू होता. पंतोजीला तो परका वाटला नसता.

धाराशिवच्या शाळांत मात्र संगणक आला तो हा हेतू विसरून. २०१५ च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम जाहीर झाला, गावोगाव 'डिजिटल शाळा' करण्याची अहमहमिका लागली, आणि पुष्कळ ठिकाणी ग्रामस्थांनी लोकवर्गणी काढून दूरचित्रवाणी संच व प्रक्षेपक आणले. अवर्षणाने गांजलेल्या जिल्ह्यात शेतकऱ्याने शाळेसाठी खिशात हात घालावा, ही हिप्परग्याच्या कुळीची गोष्ट होय. परंतु भिंतीवर लावलेल्या एका मोठ्या पडद्यावर एकच धडा चाळीस मुलांना एकाच वेळी दाखवणे, हा फळाच झाला. फक्त तो बोलतो आणि वीजबिल थकले की मुका होतो. जे यंत्र एकेकट्या मुलासाठी निघाले तेच वर्गाच्या दावणीला बांधले गेले. परांड्याला लागून असलेल्या माढा तालुक्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत, रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून निराळी वाट धरली. मुलाने घरच्या फोनवर आपला धडा आपण हवा तितक्या वेळा ऐकावा, या साध्या युक्तीची दखल २०२० च्या जागतिक शिक्षक पुरस्काराने घेतली. त्याच वर्षी करोनामुळे शाळा बंद असता सह्याद्री वाहिनीवरून 'टिलीमिली' मालिका घरोघर पोचली खरी, पण अडलेल्या मुलासाठी ती थांबू शकत नव्हती.

संगणकाने शाळा पुरती जिंकली ती पाठाच्या बाजूने नव्हे, दफ्तराच्या बाजूने. 'सरल' या सरकारी संगणकीय नोंदप्रणालीत प्रत्येक मुलाची नोंद चढली. भूम, वाशी, कळंब या तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात, तेव्हा मुले आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात ठेवण्याची सोय झाली तर ठीक, नाहीतर तीही टोळीबरोबर कोपीवर जातात आणि उन्हाळ्यात परततात. पंतोजीने अशा पोराला सोडल्या कित्त्यापासून पुढे नेले असते. शिक्षण हक्क कायद्याने त्याला वयानुरूप इयत्तेत बसवण्याचा चांगला नियम केला, आणि त्याच कलमात विशेष प्रशिक्षणाचीही तरतूद ठेवली. परंतु इयत्तेची नोंद यंत्रात बिनचूक होते, आणि राहिलेला भागाकार भरून काढण्याचे काम, ज्यासाठी प्रेसी-स्किनरांनी यंत्र कल्पिले होते, ते शाळेत उरलेल्या दोन शिक्षकांपैकी ज्याला सवड होईल त्याच्याकडे येते.