कोबोल जाणणारे

मोडी लिहिता-वाचता येते एवढ्या पुंजीवर इंदूर-बडोद्याच्या दफ्तरांत एके काळी कारकुनाचा संसार चालत असे. पुढे छपाईला सोयीची बालबोध रुळली आणि ती विद्या अडगळीत पडली. परंतु २०२३ साली महाराष्ट्रात कुणबी नोंदी धुंडाळण्याची वेळ आली, तेव्हा त्याच मोडीच्या जाणकारांचा शोध घ्यावा लागला.

संगणकाच्या जगात कोबोल या भाषेचे भाग्य काहीसे असेच आहे. पूर्वी एका कंपनीच्या यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालत नसे. यंत्र बदलले की सारे लेखन नव्याने करावे लागे. हा खर्च टाळण्यासाठी मे १९५९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने एक बैठक भरविली. ग्रेस हॉपर या विदुषीच्या फ्लो-मॅटिक भाषेचा मोठा आधार घेऊन, साध्या इंग्रजी वाक्यांसारखी वाचता येईल अशी कोबोल रचली गेली. डिसेंबर १९६० मध्ये एकच आज्ञावली दोन कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यात आली. पगारपत्रके, विम्याचे हप्ते, बँकांची खाती असा रुक्ष पण न टळणारा व्यवहार तिच्याकडे आला.

विद्वानांना मात्र ती रुचली नाही. डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९७५ मध्ये तिच्या अध्यापनाची गणना अपराधांत केली! पोट भरणारी भाषा आणि प्रतिष्ठा देणारी भाषा यांची अशी फारकत झाली.

पुढे शतक संपत आले. स्मृतिसाठा महाग असताना वर्षाचे दोनच अंक लिहिण्याची काटकसर केलेली होती. आता यंत्र २००० ला १९०० समजेल, ही धास्ती पडली. हैदराबादच्या अमीरपेठेतल्या शिकवण्यांत ही जुनी भाषा घोकून कितीतरी तरुण या दुरुस्तीच्या कामाला लागले, काही थेट अमेरिकेस गेले. पैसा चांगला मिळाला. काम मात्र परक्याने पूर्वी लिहिलेल्या सहस्रावधी ओळी चाळण्याचे. आणि ते उत्तम झाल्याची खूण एवढीच, की १ जानेवारीला काहीच बिघडले नाही. ती तारीख उलटली आणि मागणीही ओसरली.

आज मुले विचारतात, कोणती भाषा शिकावी? २०२२ च्या एका जागतिक पाहणीत वेतनात क्लोजर ही अल्पपरिचित भाषा अग्रेसर होती. आवडीत मात्र पहिली आली रस्ट. शिवाय अशा विरळ भाषेकडे बहुधा मुरलेली माणसेच वळतात. तेव्हा ते वेतन भाषेचे की अनुभवाचे, हे आकड्यांवरून ठरविणे कठीण.

कोबोल अजूनही बँकांत राबते आहे. एप्रिल २०२० मध्ये महामारीने बेकारी वाढली आणि न्यू जर्सी राज्याच्या जुन्या यंत्रणेवर अर्जांचा भार कोसळला. तेव्हा गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल जाणणाऱ्यांना जाहीर साद घातली. ती स्वयंसेवकांसाठी होती.