न्यूट्रलची कुळकथा

घाट उतरण्याचे दोन नियम आपल्याकडच्या ड्रायव्हरांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि त्या दोघांचं एकमेकांशी हाडवैर आहे. पहिला नियम: ज्या गिअरमध्ये घाट चढलास, त्याच गिअरमध्ये उतर. दुसरा: उतार लागला की न्यूट्रल कर, फुकट पेट्रोल कशाला जाळतोस? पहिला जीव सांभाळणाऱ्यांचा, दुसरा खिसा सांभाळणाऱ्यांचा. बोरघाट असो, कसारा असो की कुंभार्ली, शेजारच्या सीटवर बसलेला कुणीतरी जाणता यांपैकी एक नियम ऐकवल्याशिवाय राहत नाही.

आज दुसरा नियम खिशाच्या हिशेबानेही चुकतो. घाटात गिअरमध्ये उतरणारी आजची पेट्रोल कार बहुतेक वेळ पेट्रोल घेतच नाही. न्यूट्रलमध्ये उतरणारी मात्र सतत घेत राहते. तरीही हा नियम अडाण्यांनी काढलेला नव्हे. ज्या यंत्रावर तो जन्मला, त्या यंत्रावर तो खरा होता. यंत्र बदललं, नियम घरात राहिला.

या कुळाचा मूळ पुरुष कार्ब्युरेटर. कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा तिच्या कार्ब्युरेटरमध्ये इंधन नुसतं साठून असे आणि त्याच्या पृष्ठभागावरून उडालेली वाफ इंजिनात जाई. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. मोटारीचा हा पहिला लांब पल्ल्याचा प्रवास. वाटेत विसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन विकत घेतलं. डाग काढायला वापरायचं ते द्रव हेच गाडीचं इंधन. चढावर गाडी ढकलावी लागली. उतारांवर ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घ्यावं लागलं. उतार आणि ब्रेक यांचं भांडण असं पहिल्याच सफरीपासूनचं आहे.

१८९३ मध्ये हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोन्का यांनी, आणि त्याच वर्षी काही महिन्यांनी जर्मनीत विल्हेल्म मायबाखने, पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्ब्युरेटर आणला. पुढची जवळजवळ शंभर वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या याच तत्त्वावर चालल्या. नळीचा गळा आवळला की त्यातून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. त्या उतरलेल्या दाबामुळे बारीक जेटमधून पेट्रोल आपोआप ओढलं जातं आणि हवेत मिसळतं. पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते. हे प्रमाण कार्ब्युरेटर जमेल तसं सांभाळत असे. पण गाडी चढावर आहे की उतारावर, इंजिनाला ताकद हवी आहे की नको, हे कळण्याचं कोणतंही साधन त्याच्यापाशी नव्हतं. हवेने ओढलं की पेट्रोल द्यायचं, एवढंच त्याला ठाऊक.

उतारावर नेमकं इथेच बिघडत असे. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की थ्रॉटलची झडप मिटते. गाडी गिअरमध्ये असेल तर चाकं इंजिनाला जोरात फिरवत राहतात. मिटलेल्या झडपेमागे पिस्टन जोराने हवा ओढतात आणि त्या ओढीला आयडलिंगसाठी ठेवलेल्या जेटमधून पेट्रोल येत राहतं. इंजिन मिनिटाला ७००-८०० फेऱ्यांऐवजी अडीच-तीन हजार फेऱ्या घेत असल्याने तेवढ्याच वेळात जास्त पेट्रोल आत जाई. त्यातलं बरंचसं धड जळतही नसे. सायलेन्सरमधून फाट्‌फाट्‌ आवाज येत तो त्याचाच. न्यूट्रल केलं की इंजिन आयडलिंगवर येई आणि पेट्रोलची ओढ खरोखरच कमी होई. पैसे वाचत होते, यात शंका नाही. नंतरच्या काही कार्ब्युरेटरांवर अशा वेळी जेट बंद करणारा विजेचा खटका बसवला गेला, पण सरसकट सगळ्यांवर नाही.

ही बचत इतकी खरी होती की कंपन्यांनी ती विकायला काढली. १९३० मध्ये अमेरिकेतल्या स्टुडबेकरने गाडीत फ्रीव्हील आणलं. पाय काढला की इंजिन चाकांपासून आपोआप सुटे आणि गाडी मोकळी धावत राही. ब्रिटनमध्ये रोव्हरने तेच केलं. लवकरच लक्षात आलं की लांब उतारावर गाडी रोखण्याचा सगळा भार ब्रेकवर पडतो, आणि त्या काळचे ड्रम ब्रेक तापून निकामी होतात. फ्रीव्हीलची हौस ओसरली. स्वीडनच्या साबने मात्र ते दीर्घकाळ टिकवलं, आणि त्याचं कारण बचतीहून मोठं होतं. त्यांची जुनी इंजिनं टू-स्ट्रोक होती, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं. लांब उतारावर पेट्रोल मिटलं की इंजिन वेगाने फिरत असतानाच त्याचं वंगणही तुटे. तिथे इंजिन सुटं करणं हाच त्याला वाचवण्याचा उपाय होता.

आपल्याकडे हा नियम मुरला तो अँबॅसडर आणि फियाटच्या काळात. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट ११०० पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, कार्ब्युरेटर, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं आणि किमती भडकल्या. अमेरिकेने जानेवारी १९७४ मध्ये ताशी ५५ मैलांची मर्यादा घातली. भारतात इंधनबचतीचा प्रचार करायला १९७८ मध्ये पीसीआरए ही सरकारी संस्था उभी राहिली. ताशी ४५ ते ५५ किलोमीटरने चालवा, टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, क्लचवर पाय ठेवून चालवू नका, हे तिचे सल्ले आजही खरे आहेत. घरोघरच्या जाणत्यांनी त्यात न्यूट्रल आपल्या पदरचं घातलं.

न्यूट्रलची दोन सख्खी भावंडंही याच घरातली. एक म्हणजे सकाळी गाडी गरम करणं. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, ते नळीच्या भिंतींवर चिकटून बसतं. म्हणून डॅशबोर्डवरचा चोक ओढून हवा कमी करायची, मिश्रण दाट करायचं आणि इंजिन आचके द्यायचं थांबेपर्यंत उभं राहायचं. चोक जास्त झाला तर गाडी ओव्हरफ्लो. मग प्लग काढून पुसा. ऑइलही त्या काळी बहुधा एकाच ग्रेडचं, थंडीत घट्ट होणारं, वरपर्यंत पोचायला वेळ घेणारं. दुसरं भावंड म्हणजे सिग्नलला इंजिन चालू ठेवणं. तापलेली कार्ब्युरेटरची गाडी आणि थकलेली बॅटरी यांच्या भरवशावर चौकात इंजिन बंद करायला धाडस लागे. मागे बेस्टची बस उभी असताना स्टार्टर नुसता कण्हू लागला तर काय घ्या!

हे घर मोडलं ते पेट्रोल वाचवण्यासाठी नव्हे, धूर कमी करण्यासाठी. कॅलिफोर्नियाची हवा गाड्यांच्या धुराने कोंडली होती आणि कायदे कडक होऊ लागले होते. १९६७ मध्ये फोक्सवागनने अमेरिकेत पाठवायच्या १६०० मॉडेलवर बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक फ्यूएल इंजेक्शनची यंत्रणा बसवली. आता किती पेट्रोल द्यायचं हे हवेच्या ओढीवर राहिलं नाही. सेन्सर मोजणार, कंट्रोल युनिट हिशेब करणार आणि इंजेक्टरची तोंडं काही हजारांश सेकंद उघडणार. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्होल्वो गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर आला, आणि १४.७ चं प्रमाण गाडी स्वतःच तपासून दुरुस्त करू लागली.

ज्या यंत्राला पेट्रोल मोजून देता येतं, त्याला ते अजिबात न देताही येतं. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नाही, इंजिन आयडलिंगपेक्षा बऱ्याच जास्त वेगाने फिरतंय, म्हणजे त्याला चाकं फिरवताहेत. मग इंजेक्टर बंद. फेऱ्या उतरत उतरत आयडलिंगच्या जवळ आल्या की पेट्रोल पुन्हा सुरू, म्हणजे इंजिन बंद पडत नाही. धूर कमी करण्यासाठी बसवलेल्या मेंदूने ही बचत जाता जाता पदरात टाकली.

भारतात ही यंत्रणा पसरवली न्यायालयाने आणि बाजाराने मिळून. १९९८ मध्ये आलेल्या ह्युंदाई सँट्रोत इंजेक्शन पहिल्यापासून होतं. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या नव्या खासगी गाड्यांना युरो मानकं लागू करण्याचा आदेश दिला. कार्ब्युरेटरला ती झेपण्यासारखी नव्हती. १९८३ पासून मध्यमवर्गाला गाडीवर बसवणारी मारुती ८०० देखील २००० मध्ये इंजेक्शनवर आली. गाड्यांच्या पाठीवर ‘एमपीएफआय’ ही अक्षरं मिरवू लागली. चोकचा खटका डॅशबोर्डवरून नाहीसा झाला. पण ही अक्षरं आपल्या न्यूट्रलचा हिशेब उलटा करणार आहेत, हे शोरूममध्ये कुणी सांगितलं नाही.

आता तो हिशेब. छोट्या कारचं इंजिन आयडलिंगवर तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल पितं. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरायला पंधरा मिनिटं धरली तर न्यूट्रलमध्ये सव्वाशे ते अडीचशे मिलिलिटर पेट्रोल जळालं. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, पाय काढून, तेच अंतर उतरलं तर यातला बराचसा खर्च शून्यावर येतो. ज्या गाडीत क्षणाक्षणाचा अ‍ॅव्हरेज दिसतो, तिथे अशा वेळी काटा वर जाऊन टेकतो.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. उतार अगदी सौम्य असेल, गिअरमध्ये गाडी हळू होऊन पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर द्यावा लागत असेल, तर सुटी गाडी लांब जाते आणि थोडं पेट्रोल वाचूही शकतं. ओळखायची खूण सोपी आहे: न्यूट्रलमध्ये ब्रेक दाबावा लागत असेल तर तुम्ही तोट्यात आहात. घाटात तो दाबावाच लागतो. आणि डिझेलच्या ट्रकांना तर हा नियम मुळातच लागू नव्हता. त्यांच्या जुन्या पंपांतला गव्हर्नरही उतारावर पाय काढताच डिझेल तोडत असे.

ब्रेकचा हिशेब याहून गंभीर आहे. एक हजार किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे ४९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. पंधरा लिटर पाणी उकळेल इतकी ही उष्णता. काही वाटा हवा आणि टायर घेतात, गिअरमध्ये असाल तर मोठा वाटा इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये उरलेलं सगळं ब्रेकच्या नशिबी. इंजिन बंदच केलं तर आणखी वाईट: ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरची ओढ दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखं होतं, पॉवर स्टिअरिंग जड होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका अवजड वाहनाने चाळीसहून अधिक गाड्यांना ठोकरलं, तेव्हा चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याची बाब पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आली.

भावंडांचंही तसंच. आजच्या इंजिनाला सकाळी अर्धा मिनिट पुरतं. थंडीत मिश्रण दाट करण्याचं काम सेन्सर करतो आणि ५डब्ल्यू-३०सारखं ऑइल लगेच वर पोचतं. इंजिन लवकर गरम होतं ते उभ्याने नव्हे, सावकाश चालवण्याने. पहिले दोन-तीन किलोमीटर रेस देऊ नका, एवढंच. सिग्नलला दहा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल तर बंद केलेलं इंजिन स्वस्त पडतं. तुमची बॅटरी ठणठणीत असली की झालं.

या सवयी मोडायला वेळ लागतो, कारण त्या बापाकडून, काकाकडून, गॅरेजमधल्या मिस्त्रीकडून आलेल्या असतात, आणि गाडीबरोबर मिळणारं पुस्तक कुणी उघडत नाही. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. तिचे नियम मात्र ऑटोमॅटिक गाड्यांतही बसलेले दिसतात. उतारावर ‘डी’वरून ‘एन’वर दांडा ढकलणारे कमी नाहीत.

गंमत म्हणजे फ्रीव्हील आता मागच्या दाराने परत आलं आहे. २०११ नंतरच्या पोर्श ९११ सारख्या काही गाड्या सपाट रस्त्यावर पाय काढला की स्वतः क्लच सोडून तरंगत जातात आणि ब्रेकला पाय लागताच इंजिन पुन्हा जोडतात. कधी सुटायचं, कधी जोडायचं, हे आता कॉम्प्युटर ठरवतो. विजेच्या गाडीत तर पाय काढला की मोटर जनरेटर होते आणि उतार बॅटरीत जमा होतो. पण तिथेही एक नवा नियम तयार होतोच आहे: बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ती आणखी वीज घेऊ शकत नाही, आणि मोटरचा रोध कमी पडतो. तेव्हा पाचगणीत राहणाऱ्याने सकाळी पसरणीचा घाट उतरायचा असेल तर रात्री गाडी शंभर टक्के चार्ज करू नये. दहा-पंधरा टक्के जागा ठेवावी. त्यातली काही घाट भरून देईल. हा नियम आजच्या बॅटऱ्यांवर जन्मला आहे, म्हणून आज तो बरोबर आहे. मुलांना शिकवताना त्याचं जन्मसालही सोबत सांगावं.