सातपुड्यातील कॉफीची बेटे

कॉफीचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे कूर्ग किंवा चिकमगळूर उभे राहते. आम्हा बालाघाटकरांची कॉफीची आठवण त्याहून साधी आहे. कामानिमित्त छोट्या गाडीने जबलपूर गाठावे, इंडियन कॉफी हाउसमध्ये बसावे आणि तुऱ्याचा फेटा बांधलेल्या वाढप्याने आणलेला पेला समोर घ्यावा, एवढाच आमचा तिच्याशी संबंध. हे पीक आपल्याच सातपुड्यात पिकते, हे मला शासकीय सेवेत असताना, वयाच्या पस्तिशीनंतर कळले; आणि कळल्यावरही त्याची योग्य ती कदर माझ्याकडून झाली नाही. ती चूक या लेखाच्या निमित्ताने दुरुस्त करावी, असा मानस आहे.

सातपुड्याची गाविलगड रांग वऱ्हाडच्या कपाशीच्या मैदानावर भिंतीसारखी उभी आहे. तिच्या माथ्यावर सुमारे 1,100 मीटर उंचीवर अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा वसले आहे. 1803 साली आर्थर वेलस्लीने गाविलगड जिंकला. पुढे 1823 मध्ये हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन याच्या नजरेस हे ठिकाण पडले आणि उन्हाळ्यात विसाव्याला येणाऱ्या साहेबांची तेथे वस्ती झाली. त्या वस्तीमागोमाग कॉफीही आली. महाराष्ट्रात कॉफी पिकणारे ठिकाण म्हणून आजही चिखलदऱ्याचेच नाव घेतले जाते.

याच डोंगराळ मुलखात, आता मध्य प्रदेशात असलेल्या बैतूल जिल्ह्याच्या भैंसदेही तहसिलीत कुकरू नावाचे कोरकूंचे गाव आहे. तेथे 1944 साली फ्लोरेन्स हेंड्रिक्स या इंग्रज बाईंनी सुमारे 160 एकरांवर कॉफीची बाग वसविली. पुढे ती वनखात्याकडे आली. त्या काळी चिखलदरा व कुकरू ही दोन्ही ठिकाणे ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ या एकाच प्रांतात होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. बैतूल आणि आमचे बालाघाट मध्य प्रदेशात राहिले, वऱ्हाड मुंबई राज्यात गेले. डोंगर एक, हवा एक, डोंगरात राहणारे कोरकू एक. पण कॉफी मात्र दोन राज्यांत विभागली गेली आणि दोन्हीकडे अपवाद ठरली.

नव्वदच्या दशकात दौऱ्यावर असताना मी कुकरूला पोहोचलो. डिसेंबरची सकाळ होती. उंच झाडांच्या सावलीत हिरव्यागार झुडपांवर लाल फळे लगडली होती. एक कोरकू बाई फांदी वाकवून केवळ लाल फळे खुडत होती, हिरव्यांना हात लावत नव्हती. ‘‘सगळीच का तोडत नाही?’’ असे विचारल्यावर ती हसून म्हणाली, ‘‘साहेब, कच्चं कोण खातं?’’ तिच्या उत्तरात कॉफीच्या चवीचे अर्धे शास्त्र होते, हे मला तेव्हा उमगले नाही. कार्यालयात परतल्यावर तहसिलीतील पिकांच्या टिपणात मी कॉफीपुढे लिहिले : ‘‘किरकोळ, दखल घेण्याजोगे नाही.’’

ते शास्त्र असे. अरेबिका जातीच्या कॉफीला थंडावा लागतो. उंचीवर फळ सावकाश पिकते आणि जितके सावकाश पिकते तितके बी घट्ट होते. त्यात गोडवा व हलकी आंबट धार उतरते. झाडांची सावली उन्हाचा तडाखा अडविते. शेवटची भिस्त तोडणाऱ्याच्या हातावर : पिकलेल्या फळांत कच्ची मिसळली की पेला तुरट होतो, आणि फळे ओली राहून बुरसली की कितीही कुशलतेने भाजा, तो वास जात नाही. सातपुड्याचा माथा म्हणजे तापलेल्या मैदानावर तरंगणारे थंड हवेचे बेटच होय.

बेट हा शब्द मी सहज वापरलेला नाही. आग्नेय आशियातील तिमोर हे खरोखरीचे बेट. त्याचा पूर्व भाग पोर्तुगिजांकडे होता आणि 1844 पर्यंत त्याचा कारभार आपल्या गोव्याहून चाले. तेथील डोंगरांत कॉफी रुजली. कॉफीचा मोठा शत्रू म्हणजे पानांवरचा तांबेरा. 1869 मध्ये सिलोनात तो प्रकट झाला आणि काही दशकांत तेथील मळे उठून त्या जागी चहा आला. मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिमोरच्या एका मळ्यात तांबेऱ्याला दाद न देणारे झाड आढळले. अरेबिका व रोबस्टा यांचा तो निसर्गतः झालेला संकर होता. जगभरच्या संशोधकांनी त्याचा वंश वापरला. भारतातील ‘कावेरी’ आणि ‘चंद्रगिरी’ या वाणांतही तो आहे. दूरच्या बेटावरील एका बेवारशी झाडाचे आपल्यावर असे ऋण आहे.

त्या देशाच्या नशिबी 1975 साली इंडोनेशियाचे आक्रमण आले आणि कॉफीचा व्यापार मक्तेदारांच्या मुठीत गेला. 1999 मध्ये जनतेने कौल दिला, 2002 मध्ये देश स्वतंत्र झाला. डोंगरातील हजारो कुटुंबे आजही सावलीतली ही कॉफी पिकवितात आणि ती जगाच्या बाजारात ‘तिमोर’ याच नावाने जाते. रस्ते वाईट, बंदर दूर, शेते लहान. पण नाव स्वतःचे आहे.

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. आंध्रातील अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकरी साधारण चिखलदऱ्याइतक्याच उंचीवर कॉफी पिकवितात. 2019 मध्ये कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी व वायनाड यांच्यासोबत अराकूच्या कॉफीलाही भौगोलिक मानांकन मिळाले. पिकविणाऱ्याचा प्रदेश पेल्यावर लिहिला गेला.

आपल्या डोंगराची कॉफी थोडी आहे हे मान्य. उन्हाळा कडक, पाणी कमी. कूर्गची बरोबरी येथे होणे नाही. परंतु थोडे असणे आणि किरकोळ असणे यांत अंतर आहे. उंची, सावली आणि पिकलेले फळ ओळखणारा हात, ही चवीची तिन्ही साधने येथे आहेत. उणीव आहे ती नावाची. आणि नाव जमिनीतून उगवत नाही. ते कोणीतरी लिहावे लागते. ते लिहिण्याची एक संधी माझ्याही लेखणीला मिळाली होती.

निवृत्तीनंतर चिखलदऱ्याला गेलो असता तेथील कॉफीची पूड घेऊन आलो. घरी सौभाग्यवतींनी ती सवयीप्रमाणे दुधात उकळली. जबलपूरच्या पेल्याची सर तिला आली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. दुसऱ्या दिवशी मात्र गरम पाण्यात, दूध न घालता करून पाहिली. तेव्हा जिभेवर किंचित आंबट, मागाहून गोड अशी एक चव रेंगाळली, आणि फांदी वाकवून उभी असलेली ती बाई आठवली. त्या जुन्या टिपणातील शेरा आता खोडता येणार नाही. म्हणून येथे लिहून ठेवतो : सातपुड्यात कॉफी पिकते, दखल घेण्याजोगी आहे.